एकच कळ उमटते आणि कीबोर्ड गप्प: हरवलेला इंटरप्ट शोधायचा कसा

प्रश्न आर्वीकडच्या एका गावातून आला आहे. विचारणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्यांत घरी बसून तिने स्वतःचं छोटं ३२ बिटांचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिलं. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तिथला जुना डेस्कटॉप वडिलांनी आणून दिला. वडिलांचा कापूस मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरीयल केबलने वजन थेट आपल्या कर्नलात घ्यायचं, हा तिचा बेत. क्यूएमूमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर चालणाऱ्या नकली मशीनवर, सगळं सुरळीत चालतं. खऱ्या मशीनवर मात्र चार तक्रारी आहेत. कीबोर्ड कधी चालतो, कधी सुरुवातीपासूनच मुका राहतो. घड्याळ तासाला अडीच मिनिटं मागे पडतं, आणि स्क्रीन भरून ओळी वर सरकू लागल्या की जास्तच. वजनाच्या ओळीतले मधले आकडे गायब होतात. आणि दोन-तीन तासांनी सिरीयल पोर्ट पूर्ण बंद पडतो, टायमर तेवढा चालू राहतो. शेवटी ती लिहिते: "काका, हार्डवेअर इंटरप्ट मिस करून राहिलं का? दुसरा मदरबोर्ड पाहू का?" (इंटरप्ट म्हणजे उपकरणाने सीपीयूला मारलेली हाक.)

नको. मदरबोर्डवर एक रुपयाही घालू नको. तू पाठवलेला कोड मी दोनदा वाचला. तुझ्या चार तक्रारींना तीन कारणं आहेत आणि तिन्ही कोडमध्येच आहेत. पण मी नुसती कारणं सांगितली तर आजचं भागेल आणि पुढच्या वेळी तू पुन्हा मदरबोर्डकडेच बोट दाखवशील. म्हणून शोधायचं कसं ते आधी सांगतो.

विहिरीवरची मोटर चालत नसली की वायरमन काय करतो ते तू पाहिलं असशील. तो मोटर उपसून काढत नाही. टेस्ट लॅम्प घेऊन डीपीपासून निघतो. डीपीवर दिवा लागला, मेन स्विचवर लागला, स्टार्टरच्या वरच्या बाजूला लागला, खालच्या बाजूला लागला नाही. झालं, दोष स्टार्टरमध्ये. इंटरप्टचंही असंच आहे. "इंटरप्ट मिस झाला" हे वाक्य "लाइन नाही" इतकंच मोघम आहे. कुठपर्यंत आला होता, हा खरा प्रश्न.

तुझ्या मशीनवर वाट अशी आहे. उपकरण आपली तार वर करतं, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज चढवतं. ८२५९ ही इंटरप्ट कंट्रोलरची चिप ती चढण पाहते आणि आपल्या आयआरआर या रजिस्टरमध्ये एक बिट लावते. आयएमआर म्हणजे मास्क, त्याने अडवलं नसेल तर चिप सीपीयूला हाक मारते. सीपीयूचा इंटरप्ट फ्लॅग चालू असेल तर तो हाक ऐकतो, चिप त्याला क्रमांक देते आणि आयआरआरमधला बिट इन-सर्व्हिस रजिस्टरमध्ये जातो. मग तुझा हँडलर, म्हणजे त्या इंटरप्टसाठी लिहिलेलं फंक्शन, चालतो, उपकरणातला डेटा उचलतो, चिपला ईओआय म्हणजे "काम झालं" सांगतो, डेटा बफरमध्ये ठेवतो. पुढे मुख्य लूप तो बफर रिकामा करतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गोष्ट अडली तरी स्क्रीनवर दिसणारं लक्षण एकच: काही आलं नाही.

टेस्ट लॅम्प चिपनेच दिला आहे. पोर्ट हेक्स २० वर (हेक्स म्हणजे सोळाच्या पायातला आकडा) हेक्स ०ए लिहून तोच पोर्ट वाच, आयआरआर मिळेल. हेक्स ०बी लिहून वाच, इन-सर्व्हिस मिळेल. मास्क हेक्स २१ वर थेट वाचता येतो. पहिलीला जोडलेली दुसरी ८२५९ असते, तिच्यासाठी हेच हेक्स ए० आणि ए१ वर. हे तीन बाइट हातात आले की अर्धी शोधाशोध संपते. आयआरआरमध्ये बिट लागलेला आहे आणि मास्कही लागलेला आहे, तर तूच अडवलं आहेस. आयआरआर लागलेला, मास्क मोकळा, तरी हँडलर चालत नाही, तर सीपीयूचा फ्लॅग बंद आहे किंवा वरच्या प्राधान्याचं कुणीतरी इन-सर्व्हिसमध्ये अडकलं आहे. इन-सर्व्हिसचा बिट लागला तो लागलाच, तर ईओआय राहून गेला. आणि उपकरण म्हणतंय माझ्याकडे डेटा आहे, पण आयआरआर आणि इन-सर्व्हिस दोन्ही शून्य, तर चढणच चुकली. हे शेवटचं लक्षण नीट ध्यानात ठेव. तुझ्या चारपैकी दोन तक्रारी त्यातल्याच आहेत.

याच्या जोडीला साधे मोजणारे आकडे ठेव: हँडलरमध्ये किती वेळा शिरलो, शिरल्यावर खरोखर किती बाइट उचलले, बफर भरलेला म्हणून किती टाकून दिले, मुख्य लूपने किती घेतले. हे आकडे हँडलरमधून छापायचे नाहीत. आकडे मेमरीत वाढवत राहायचे आणि सेकंदाला एकदा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ठरलेल्या जागी नुसते रंगवायचे, ओळ न सरकवता. हँडलरमध्ये छपाई केलीस तर तीच इतका वेळ खाते की शोधत होतीस तो दोष दुसऱ्याच ठिकाणी उगवतो.

आता कीबोर्ड. तू लिहिलंस की "कधी चालतो, कधी नाही", आणि कोड तर तोच. असं असलं की मी आधी विचारतो, मशीन सुरू करताना माणसाचा हात कुठे होता? तुझ्या डेस्कटॉपवर ग्रबचा, म्हणजे कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येतो आणि तू एंटर दाबतेस. कळ दाबल्याचा एक कोड जातो, तो ग्रबने घेतला. बोट उचलल्याचा दुसरा कोड थोड्या वेळाने येतो. तोवर ग्रब गेलेला असतो आणि तुझं कर्नल इंटरप्ट बंद ठेवून आपली मांडामांड करत असतं. तो सुटलेला बाइट कीबोर्ड कंट्रोलरच्या बफरात, पोर्ट हेक्स ६० वर, बसून राहतो. बाइट उचलला जात नाही तोवर आयआरक्यू १ ची, म्हणजे कीबोर्डच्या इंटरप्टची, तार वरच.

त्यानंतर तू ८२५९ नव्याने बसवतेस. ते करावंच लागतं, कारण बायोसने आयआरक्यू ० चा, म्हणजे टायमरचा, क्रमांक ८ ठेवलेला असतो, आणि तुझं कर्नल चालतं त्या प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ हा डबल फॉल्ट या सीपीयूच्या गंभीर चुकीचा क्रमांक आहे. तू क्रमांक ३२ पासून पुढे नेलेस ते बरोबर. पण चिपला पहिला आरंभ-शब्द लिहिला की तिचं चढण ओळखणारं सर्किट कोरं होतं. इंटेलच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: यानंतर तार खालून वर गेली तरच इंटरप्ट धरला जाईल. तुझी तार तर आधीपासूनच वर आहे. ती खाली यायची असेल तर कुणीतरी पोर्ट ६० वाचायला हवा. पोर्ट ६० फक्त तुझा हँडलर वाचतो, आणि हँडलर इंटरप्ट आल्याशिवाय चालत नाही. दोघं एकमेकांची वाट पाहत बसले. ज्या दिवशी तू एंटर पटकन सोडतेस त्या दिवशी दोन्ही कोड ग्रबच घेऊन जातो आणि कीबोर्ड चालतो. क्यूएमूला तू कर्नल थेट भरून देतेस, तिथे एंटर दाबायची वेळच येत नाही.

उपाय पाच ओळींचा आहे. चिप बसवून झाल्यावर, मास्क काढण्याआधी, पोर्ट हेक्स ६४ वरचा बिट ० पाहा. तो लागलेला असेपर्यंत पोर्ट ६० वाचून फेकत राहा. मग मास्क काढ. आणि हँडलरमध्ये काहीही झालं तरी पोर्ट ६० वाचल्याशिवाय बाहेर पडू नको. "बफर भरला असेल तर परत फिर" अशी एक ओळ तू वाचनाच्या आधी लिहिली आहेस, ती वाचनानंतर ने. आज ती क्वचितच लागते, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी कीबोर्ड पुन्हा मुका होईल.

पुढे घड्याळाला लागशील तेव्हा तारखेच्या चिपची, म्हणजे आरटीसीची, हीच सवय तुला भेटेल. तिचं रजिस्टर सी प्रत्येक इंटरप्टनंतर वाचावं लागतं, नाहीतर पहिला इंटरप्ट तोच शेवटचा.

घड्याळाकडे वळू. इथे आधी कागद-पेन घे. पीआयटीची, म्हणजे टायमर चिपची, मूळ गती सेकंदाला ११,९३,१८२ ठोके. तुला सेकंदाला १,००० टिक, म्हणजे टायमरचे इंटरप्ट, हव्यात म्हणून तू ११९३ ने भागतेस. बरोबर उत्तर ११९३.१८२ आहे, म्हणजे खरी गती १,००० पेक्षा किंचित जास्त, सुमारे १,०००.१५. या चुकीने घड्याळ तासाला अर्धा सेकंद पुढे जाईल. तुझं तर अडीच मिनिटं मागे जातंय. दिशाही उलटी आणि आकडाही तीनशे पट. म्हणजे भागाकारावर संशय घ्यायचं कारण नाही. तू त्या भागाकाराशी दोन दिवस झगडलीस असं लिहिलंस, म्हणून हे मुद्दाम सांगतो: दुरुस्तीआधी चुकीचा आकार आणि दिशा मांडून पाहिली की चुकीचे संशयित आपोआप सुटतात.

अडीच मिनिटं म्हणजे १५० सेकंद, म्हणजे १,५०,००० टिक दर तासाला गेल्या. तू सेकंदाला एक ओळ छापतेस, तासाला ३,६००. स्क्रीन एकदा भरली की प्रत्येक ओळीला एक स्क्रोल. भागून पाहा: प्रत्येक स्क्रोलमागे साधारण ४२ टिक. चिपकडे एका तारेसाठी आठवण म्हणून एकच बिट असतो. इंटरप्ट बंद असताना एक टिक आली तर ती तो बिट सांभाळतो. दुसरी आली, तिसरी आली, दहावी आली, तरी बिट एकच. मोजणारं कुणी नाही. तेव्हा ४२ टिक जायला सुमारे ४३ मिलिसेकंद इंटरप्ट बंद राहायला हवेत.

तुझ्या छपाईच्या फंक्शनमध्ये ते आहेत. पहिल्याच ओळीत तू सीएलआय करतेस, म्हणजे इंटरप्ट बंद, मग अक्षर रंगवतेस, गरज पडली तर स्क्रोल करतेस, आणि सगळ्यात शेवटी एसटीआय, म्हणजे ते पुन्हा चालू. स्क्रोल म्हणजे १०२४ गुणिले ७६८ गुणिले ४, तीन मेगाबाइट, व्हिडिओ मेमरीतून वाचायचे आणि पुन्हा तिथेच लिहायचे. व्हिडिओ मेमरीत लिहिणं एक वेळ परवडतं, वाचणं नाही. ते कॅशमधून होत नाही, प्रत्येक वाचनाला सीपीयू बसच्या पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबतो. क्यूएमूत ती "व्हिडिओ मेमरी" म्हणजे तुझ्या लॅपटॉपची साधी रॅमच, म्हणून तिथे काही जाणवत नाही.

माझा अंदाज खरा मानू नको, मोजून पाहा. सीएलआयच्या लगेच नंतर आरडीटीएससी या सूचनेने सीपीयूच्या ठोक्यांचा आकडा घे, एसटीआयच्या आधी पुन्हा घे, फरक काढ आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा फरक कोपऱ्यात दाखव. चाळीसच्या आसपास मिलिसेकंद दिसले तर दुसरं काही शोधायचं नाही. मग स्क्रीनची एक प्रत साध्या रॅममध्ये ठेव, स्क्रोल त्या प्रतीत कर, आणि व्हिडिओ मेमरीत फक्त लिही, तेही इंटरप्ट चालू ठेवून. सीएलआय फक्त तेवढ्यापुरता, जिथे हँडलर आणि मुख्य लूप दोघेही एकाच आकड्याला हात लावतात. माझ्या कामात मी अशी बंद खिडकी शंभर मायक्रोसेकंदांच्या वर जाऊ देत नाही, आणि गेली तर त्याचं कारण कोडमध्ये लिहून ठेवतो.

आणि वेळ टिक मोजून ठेवू नको. टिक म्हणजे "आता बघ" अशी आठवण समज. किती वेळ गेला ते कुठल्यातरी सतत चालणाऱ्या काउंटरला विचार. मग एखादी टिक गेली तरी घड्याळ मागे पडत नाही.

वजनाचे आकडे गळतात त्याचं मूळही हेच ४३ मिलिसेकंद. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक अक्षर म्हणजे दहा बिट, सुमारे १.०४ मिलिसेकंद. तुझा इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा १४ अक्षरांची ओळ पाठवतो. सिरीयल पोर्टच्या १६५५० चिपचं फिफो, म्हणजे आलेली अक्षरं रांगेत साठवायची जागा, तू चालूच केलेलं नाहीस. मग चिपकडे एकाच अक्षराची जागा, आणि एका मिलिसेकंदात ते उचललं नाही तर पुढचं अक्षर त्यावर बसतं. तुझी छपाई टायमरवर, इंडिकेटर त्याच्या तालावर. दोघांची वेळ जुळली की ओळीचा मधला भाग गेला. "००१२४५" मधला २ एवढा एक आकडा गळला की १२४.५ किलोचे १४.५ होतात, आणि समोर उभा असतो तो माणूस सहा महिने राबून, वेचणी करून आलेला. म्हणून हा दोष मी सगळ्यांत गंभीर मानतो.

फिफो चालू केलंस तर तक्रार लगेच थांबेल, हेही सांगतो. १६ अक्षरांची जागा मिळेल, तुझी ओळ १४ अक्षरांची, ४३ मिलिसेकंदांत एकापेक्षा जास्त ओळ येत नाही, सगळं मावेल. म्हणूनच ते आधी करू नको. उद्या वडिलांनी दुसरा इंडिकेटर आणला, लांब ओळींचा, की दोष परत. आधी बंद खिडकी छोटी कर, आकडे गळणं थांबलं हे मोजून पाहा, मग फिफो लाव. लावल्यावर, इंटरप्टचं कारण सांगणाऱ्या आयआयआर या रजिस्टरचे वरचे दोन बिट एक आले का तेही तपास, म्हणजे फिफो खरंच चालू झालं हे कळेल.

गळती मोजायची कशी? लाइन स्टेटस रजिस्टरचा बिट १ म्हणजे ओव्हररन, बिट ३ म्हणजे फ्रेमिंगची चूक. दोन्हींचे वेगळे आकडे ठेव. वाचलं की हे बिट पुसले जातात, म्हणून एकाच ठिकाणी वाचून साठवायचे. ओव्हररन वाढतोय म्हणजे इंटरप्ट येतोय पण तू उशिरा पोचतेस. ओव्हररन शून्य, तरी अक्षरं कमी, म्हणजे चिपने सगळं दिलं आणि तुझ्याच बफरात सांडलं. फ्रेमिंगची चूक वाढतेय म्हणजे कर्नल सोड, केबल पाहा: बॉड जुळतो का, सांधा सैल आहे का, दोन्हीकडची अर्थिंग एक आहे का. जिनिंगच्या आवारात मी हे फार वेळा पाहिलं आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं पाणी पडत नाही, मोठी मोटर सुरू झाली की सिरीयलवर कचरा येतो, आणि लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात.

आता चौथी तक्रार, दोन-तीन तासांनी पोर्ट मरतो ती. इथे दोन संशयित आहेत आणि टेस्ट लॅम्प त्यांना एका वाचनात वेगळं करतो. पहिला, ईओआय राहून जाणं. तुझं सिरीयल आयआरक्यू ४ वर आहे, म्हणून तसं असेल तर इन-सर्व्हिसचा बिट ४ लागून राहिलेला दिसेल. त्याने ५, ६, ७ अडतील. टायमर आणि कीबोर्ड प्राधान्याने वर असल्यामुळे चालू राहतील. तुझा टायमर चालू आहे म्हणून तू पीआयसीला, म्हणजे ८२५९ ला, निर्दोष ठरवलंस, तेवढ्यावरून ते ठरत नाही. दुसरा संशयित, चुकलेली चढण. तेव्हा आयआरआर आणि इन-सर्व्हिस दोन्हींत बिट ४ शून्य, पण सिरीयल चिपच्या आयआयआरचा बिट ० शून्य, म्हणजे चिप अजून सांगतेच आहे की माझं काम बाकी आहे.

कोड पाहून माझा कौल दुसऱ्यावर आहे. इंटरप्ट कशाकशाचे हवेत हे सांगणाऱ्या आयईआरमध्ये तू हेक्स ०९ लिहिलंस: डेटा आला की, आणि मोडेमच्या तारा हलल्या की. तुझी केबल तीन तारांची. पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. मोडेमच्या पिना, ६ आणि ८, मोकळ्या लटकत आहेत. दोन-तीन तासांत कधीतरी शेजारी मोटरचा स्टार्टर पडतो, त्या मोकळ्या पिनेवर एक झटका येतो आणि चिप इंटरप्ट देते. तुझा हँडलर आयआयआर वाचतो, पाहतो की हा डेटाचा नाही, ईओआय देतो आणि बाहेर. मोडेम स्टेटस रजिस्टर कुणी वाचलंच नाही. ते वाचेपर्यंत चिप तार खाली आणत नाही. तार वरच राहिली, यापुढे चढण नाही. इंटरप्ट संपले. क्यूएमूत स्टार्टर पडत नाही.

आयईआरमध्ये ०१ लिहिलं तर आजचा त्रास जाईल. ते कर. पण हँडलरही नीट लिही: आयआयआर वाच, बिट ० एक येईपर्यंत फिरत राहा, प्रत्येक फेरीत जे कारण असेल ते निपटव. डेटा असेल तर सगळा उचल, लाइन स्टेटस असेल तर ते वाच, मोडेम असेल तर ते वाच. बिट ० एक आला म्हणजे तार नक्की खाली आली, आता बाहेर पड. फेऱ्यांना एक मर्यादाही ठेव, म्हणजे चिप बिघडली तरी कर्नल त्यातच अडकून पडणार नाही. चढणीवर चालणाऱ्या प्रत्येक उपकरणाचा हा नियम आहे. एक काम निपटवताना दुसरं उभं राहतं, आणि तू एकच निपटवून निघालीस तर दुसऱ्याची हाक कुणाला ऐकूच येत नाही. पीसीआय कार्डांच्या तारा चढणीवर नाही, पातळीवर चालतात, तिथे हे उलटं होतं: काम बाकी ठेवून निघालं की इंटरप्ट लगेच पुन्हा येतो, पुन्हा येतो, आणि मशीन त्यातच गुंतून राहतं. लिनक्समध्ये त्यासाठी पहारा आहे. एका तारेवर १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्ट कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ती तार बंद करतं आणि "कुणाला पर्वा नाही" अशा अर्थाचा संदेश लॉगमध्ये टाकतं.

चढण कशी हरवते याचा मला स्वतःला बसलेला धडा सांगतो, कारण तुझ्या बफराच्या कोडमध्ये त्याच जातीची एक ओळ आहे. एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी मोजायची पेटी मी बनवली होती. प्रेसमधून गाठ बाहेर पडली की एक सेन्सर, प्रेसचं दार उघडलं की दुसरा. दोघांचे बिट एकाच स्टेटस रजिस्टरमध्ये. भिंतीवर हमाल खडूने रेघा ओढायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पाळी संपली की रेघा आणि माझा आकडा जुळवायचे. रेघा २१३, माझी पेटी २११. दुसऱ्या दिवशी एकचा फरक, मग पुन्हा दोनचा. हमालांपैकी एक जण म्हणाला, "भाऊ, तुमची मशीन गाठ खाऊन रायली." गाठीमागे त्यांची मजुरी होती. मी तीन दिवस सेन्सर बदलले, तारा बदलल्या. रेघा मात्र बरोबर होत्या.

दोष माझ्या एका ओळीत होता. त्या रजिस्टरमध्ये ज्या बिटावर एक लिहाल तो पुसला जातो, अशी रचना. मी सवयीने आधीची किंमत वाचून, त्यात माझा बिट मिसळून परत लिहीत होतो. गाठीचा आणि दाराचा बिट एकाच वेळी लागलेले असले की वाचलेल्या किंमतीत दोन्ही एक, आणि लिहिताना दोन्ही पुसले. दाराचं काम व्हायचं, गाठीचं जायचं. फक्त आपला बिट लिहायचा, आधी वाचायचं नाही, एवढाच बदल केला. पुढच्या पाळीला रेघा १९८, पेटी १९८.

तुझ्याकडे अशी ओळ बफरात किती अक्षरं आहेत त्या आकड्यावर आहे. हँडलर तो वाढवतो, मुख्य लूप कमी करतो, आणि दोघांमध्ये काही आडोसा नाही. लूपने आकडा वाचला, तेवढ्यात हँडलरने एक वाढवला, लूपने जुन्या किंमतीतून एक वजा करून लिहिला: एक अक्षर हिशेबातून गेलं. दोन वेगळे आकडे ठेव, कुठे भरायचं आणि कुठून काढायचं. भरायचा आकडा फक्त हँडलर बदलेल, काढायचा फक्त लूप. दोन्ही व्होलाटाइल कर, नाहीतर कंपायलर लूपमध्ये एकदाच वाचून तीच किंमत धरून बसेल.

अजून एक जागा आज त्रास देत नाही, पण देईल. तुझा लूप बफर रिकामा दिसला की हॉल्ट करतो, म्हणजे पुढचा इंटरप्ट येईपर्यंत सीपीयूला झोपवतो. तपासणी आणि हॉल्ट यांच्यामध्ये अक्षर आलं तर सीपीयू ते न पाहता झोपतो. आज तुझी १,००० ची टिक त्याला मिलिसेकंदात उठवते म्हणून कळत नाही. टिक १०० वर आणलीस की कळेल. तपासणीआधी सीएलआय कर, रिकामा असेल तर एसटीआय आणि लगेच पुढची सूचना हॉल्ट. एसटीआयनंतरची एक सूचना पूर्ण होईपर्यंत सीपीयू इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे त्या दोघांच्या मध्ये फट राहत नाही. हॉल्टनंतर पुन्हा तपासणी. अक्षर असेल तर उचल आणि एसटीआय करून पुढे जा.

आयआरक्यू ७ अधूनमधून आपोआप येतो असंही तू लिहिलंस. ७ ही प्रिंटरची तार, पण इथे प्रिंटरचा संबंध नाही. सीपीयूने हाक ऐकून क्रमांक विचारला तोवर तार खाली गेली, तर चिप नाइलाजाने ७ सांगते. हँडलरमध्ये इन-सर्व्हिसचा बिट ७ पाहा. तो शून्य असेल तर इंटरप्ट खोटा, त्याला ईओआय द्यायचा नाही. आयआरक्यू १५ ला, म्हणजे दुसऱ्या चिपच्या शेवटच्या तारेला, तसं झालं तर ईओआय फक्त पहिल्या चिपला. खोट्यांचाही आकडा ठेव.

पुढे एपिकवर, म्हणजे ८२५९ च्या जागी आलेल्या नव्या कंट्रोलरवर, जाशील तेव्हा रजिस्टरांची नावं बदलतील, वाट हीच राहील. तिथेही आयआरआर आणि इन-सर्व्हिस आहेत, ईओआय आहे. फक्त लोकल एपिकचा चालू करायचा बिट विसरू नको, तो स्प्युरियस व्हेक्टरच्या रजिस्टरमध्ये बिट ८ आहे. आणि बायोसने दिलेला एसीपीआयचा तक्ता वाच, कारण टायमरची तार बहुतेक मशीनवर आयओ-एपिकच्या ० वर नसते, २ वर असते.

आता क्रम असा ठेव. आधी कोपऱ्यातले आकडे आणि आयआरआर, इन-सर्व्हिस, मास्क दाखवायची सोय कर, दुरुस्ती काहीही न करता. त्यावर मशीन तीन तास चालव, पोर्ट मरू दे, आणि मेल्यावर त्या तीन किंमती, आयआयआर, ओव्हररन आणि फ्रेमिंगचे आकडे आणि सीएलआयची सर्वांत मोठी खिडकी वहीत लिही. शक्य असेल तर शेजारची मोटर कोणत्या वेळी सुरू झाली तेही. मग कीबोर्डचा बफर रिकामा करणं, मग स्क्रोल, मग सिरीयलचा हँडलर, मग बफराचे दोन आकडे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर तेच आकडे पुन्हा. वडिलांचा काटा मात्र तोवर कागदावरच चालू दे. कर्नलचं वजन आणि कागदाचं वजन आठ दिवस शेजारी लिही. वहीच्या पानाचा फोटो मला पाठव, सिरीयलच्या आकड्यांत मी सांगितल्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर आपण तिथून पुढे पाहू.